खिडकीजवळच्या मशीनमधला किरायेदार

चंद्रपूरच्या चाचांनी मला फसवलं. माझ्या आठ कॉम्प्युटर मशीनमधल्या तीन-तीन सिस्टीम काढायच्या आणि प्रत्येकात नवीकोरी एकच टाकायची, असं ठरलं होतं. सात मशीनमधून त्यांनी तिन्ही काढल्या. आठव्यातून दोनच काढल्या, तिसरी लपवून ठेवली, माझ्या तोंडावर "झालं" म्हणाले आणि स्टूल काखेत मारून बसस्टँडकडे चालू लागले.

लोक मला म्हणतात, जाऊ दे ना, त्यातून चांगलंच झालं. चांगलं झालं ते वेगळं. मी मुलचेऱ्यात ताडपत्रीखाली एक झेरॉक्स मशीन टाकून सुरुवात केली. आज माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे, पक्क्या भिंतींची. घरी धानाची शेती, बापाचं शिक्षण चौथी. कोणी हात धरून इथवर आणलं नाही. व्यवहारात मला कोणी गंडवलं असं या तालुक्यात कोणी सांगू शकत नाही. फक्त हे एक म्हातारं सांगू शकतं. ते सांगत नाही, हे आणखी वाईट.

ती मशीनं मी ऊर्जानगरजवळच्या एका बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटमधून घेतली होती. घासाघीस करून घेतली, त्यामुळे आत काय आहे हे पाहायला वेळ मिळाला नाही. इथे आणून चालू केली तर काळ्या पडद्यावर तीन ओळी यायच्या: कोणत्या सिस्टीममध्ये जायचं ते निवडा. पहिली त्या इन्स्टिट्यूटची, जुनी. दुसरी कोण्या दुरुस्तीवाल्याने पहिली न काढता शेजारी टाकलेली. तिसरी मीच टाकून घेतली होती. दुरुस्तीवाल्यांची हीच पद्धत. जुनं काढायचं म्हणजे जबाबदारी आली. मग कशाला? द्या शेजारी नवीन टाकून. परिणाम असा की मशीन चालू व्हायला इतका वेळ लागायचा की पोरी तेवढ्यात बाहेर जाऊन समोसा खाऊन यायच्या. मध्येच बंद पडायचं ते वेगळंच. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. मी ठरवलं, सगळं कोरं करायचं.

चाचांचं नाव मला एका स्टेशनरीवाल्याने सांगितलं. "काम पक्कं," तो म्हणाला, "पन मानूस थोडा वाकडा आहे." मी म्हटलं, वाकड्याला सरळ करणं हाच माझा धंदा आहे.

ते आले ते एसटीने, मांडीवर स्वतःचा मॉनिटर घेऊन. चादरीत गुंडाळलेला. दुसऱ्याच्या मॉनिटरवर काम करणार नाहीत, दुसऱ्याच्या स्टुलावर बसणार नाहीत. त्याच बसमध्ये माझा एक विद्यार्थी होता. त्याने सांगितलेला प्रसंग असा. कंडक्टर म्हणाला, "चाचा, या डब्याचं टिकीट?"

"डबा नोको म्हनू. मांडीवर बसला आहे. पाच वर्साच्या आतला आहे, टिकीट लागत नाई."

"दाखला दाखवा मंग."

"मागं छापला आहे. पाह्यून घे."

कंडक्टरही अस्सल चंद्रपूरचाच. त्याने चादर वर केली, मॉनिटरच्या पाठीवरचं साल वाचलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "सात वर्साचा निंगाला. अर्धं टिकीट." चाचांनी मुकाट्याने अर्धं तिकीट काढलं. वर म्हणाले, "इतक्या दिवसात तूच एक निंगाला रे, पाह्यनारा."

तर हा माणूस. सत्तरीच्या आसपासचा, बारीक, पांढरी टोपी, गळ्यात सुपारीची चंची. चंचीत सुपारी नव्हती, पेनड्राइव्ह होते. पूर्वी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक डोक्याला हात लावून बसले. हे मात्र पोराच्या पुस्तकातून शिकले. सिस्टीमला ते सिस्टीम म्हणत नसत, किरायेदार म्हणत. "तुमच्या घरात तीन किरायेदार आहेत आन् एकही किराया देऊन नाई राह्यला," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तिघांनाही बाहेर काढा. किती घ्याल?"

पैशांवर त्यांनी वादच घातला नाही. मी बोललो तेवढ्याला "ठीक" म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मग म्हणाले, "पन आधी मले दोन दिवस बसू द्या."

"कशाला?"

"पाह्याले."

"काय पाहणार? मशीन मी दाखवतो ना."

"मशीन नाई. मानसं."

त्यांची पद्धत अशी होती. मशीनला हात लावण्याआधी खोलीत स्टूल मांडायचं, पडद्याकडे पाठ करायची आणि जो मशीनवर बसतो त्याच्याकडे पाहत राहायचं. त्याचे हात, डोळे, कुठे अडतो, काय शोधतो. चहा आला तर पार थंड होऊ द्यायचा. गरम चहात ध्यान जातं म्हणे. सगळं पाहून झालं की मग कोणता किरायेदार ठेवायचा ते ठरवायचं. मी विचारलं, हे खूळ कुठून आलं? तर म्हणाले, "शिलाई मशीन मालकाची रायते, भाऊ. पाय दुसऱ्याचा रायते. मालक म्हनते, मशीन जड चालते. मी तेल टाको. तरी जड. मंग एक दिवस कारागिराचा पाय पाह्यला. त्याचा अंगठाच मोडला होता."

या पद्धतीचे त्यांचे किस्से मला नंतर अनेकांनी सांगितले. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये एका मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेबांना तिसरी सिस्टीम ठेवायची होती, बाकी काढायच्या. चाचा दिवसभर बसले. साहेब त्या मशीनकडे फिरकलेच नाहीत. बाईसाहेब मात्र दुपारी आल्या, दुसरी ओळ निवडली आणि तासभर भजनांच्या वह्या टाईप करत बसल्या. चाचांनी दुसरी ठेवली, साहेबांची तिसरी उडवली. साहेब चिडले. चाचा म्हणाले, "तुमी कवा बसले होते, ते सांगा." साहेबांना दिवस आठवेना.

एटापल्लीला मात्र त्यांची फजिती झाली. एका वसतिगृहाच्या ऑफिसात ते स्टूल मांडून बसले, तर तिथल्या क्लार्कला वाटलं, वरून कोणी साहेब तपासणीला आला. तो तीन दिवस वेळेवर आला, टेबल आवरलं, नोंदी लिहिल्या. चाचांना तिसऱ्या दिवशी मटण मिळालं. "अरे बाप्पा, मी मेकॅनिक हावो," ते सांगत राहिले. क्लार्क आणखी नम्र होत गेला. शेवटी ते बाहेर जाऊन सागाच्या झाडाआडून, खिडकीतून पाहत बसले, तेव्हा कुठे खरं काम दिसलं.

मला हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की दोन दिवस माझी बॅच बुडणार. मी घासाघीस सुरू केली. दोनाचे दीड केले, दीडचा एक, एकाचा अर्धा. "सकाळची बॅच पाहा," मी म्हटलं, "दुपारी कामाला लागा. सगळे सारखंच शिकतात." ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "तुमी भाव चांगला करता." मला ती तारीफ वाटली.

सकाळची बॅच त्यांनी पाहिली. सगळे शेवटच्या ओळीवर जात होते, मी टाकून घेतलेल्या सिस्टीमवर. प्रश्नच नव्हता. दुपारी मॉनिटरची चादर सोडून ते पहिल्या मशीनला बसले. ओळ दिसली की मोठ्याने वाचायचे, "निंगा भाऊ, किराया संपला," म्हणायचे आणि मग उडवायचे. पोरं हसायची. ते हसत नसत.

तेवढ्यात दुपारच्या बॅचची एक बाई आली. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली सून, तिशीची. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला. त्याच्या जागी तिला अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची नोकरी मिळाली होती. अट एकच, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाहीतर नोकरी जाणार. एकदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी, पुढच्या परीक्षेआधी मुदत संपत होती. घरात दोन मुलं आणि म्हातारी सासू. हे सगळं मला माहीत होतं, फॉर्म मीच भरला होता. ती खिडकीजवळच्या मशीनवर बसली आणि तिने वरची ओळ निवडली. पहिली. सगळ्यात जुनी.

चाचांचा हात थांबला. ते उठून माझ्याजवळ आले. "त्या बाईले इचारा, ती तिथी काऊन जाते."

"चाचा, सवय असेल. तिची नोकरी या परीक्षेवर अडली आहे, लागेल नवीन सवय."

"इचारा तं खरं."

"मालक कोण आहे इथे?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. माझा आवाज मोठा आहे. "आठही मशीनमधून सगळं काढा म्हटलं ना!"

"बरं," ते म्हणाले. संध्याकाळी "झालं" म्हणाले आणि गेले. मी प्रत्येक मशीन चालू करून पाहिलं. ओळी गायब. क्षणात चालू. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीजवळ बसली आणि बराच वेळ काहीच करेना. मग हळूच म्हणाली, "दादा, हात कुठे गेले?"

"कोणते हात? तुझेच आहेत ना, चालव." बॅच हसली. तीही कसनुशी हसली आणि मान खाली घालून टाईप करू लागली.

मी दर शनिवारी भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाची गती लिहितो, मिनिटाला किती शब्द ते. तिची चोवीस होती. पास व्हायला तीस लागते. त्या शनिवारी तिची तेरा आली. मला वाटलं, घरी काही झालं असेल. नवव्या दिवशी ती बॅच सुटल्यावर दारात थांबली. "दादा, उद्यापासून मी येत नाही. तुम्ही खूप केलं. माझंच होत नाही."

मी आधी तिच्यावरच चिडलो. शेवटच्या वेळी पळून जाता म्हणून. ती ऐकून घेत राहिली, आणि ते बघून माझाच आवाज खाली आला. तिला म्हटलं, उद्या एक दिवस ये, मग काय करायचं ते कर. ती गेल्यावर चाचांना फोन लावला आणि उरलेला सगळा राग तिकडे ओतला.

"ती बाई सोडून जाऊन राह्यली, चाचा!"

"खिडकीजवळची?"

"हो, तीच. जुनं जे होतं ते वापस टाका. आजच्या आज या."

"काढलेलं वापस येते का, भाऊ?" मग म्हणाले, "तिले काय पाह्यजे होतं तिथलं?"

ते मी तिला विचारलंच नव्हतं, तसं सांगितलं.

"मंग आधी ते पाह्यून घ्या. दीड दिवस बसा तिच्याजवळ. स्क्रीनकडं पाठ करून. मंग फोन करा."

"दीड दिवस? मला धंदा आहे."

"मंग नोका करू," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी खुर्ची उलटी मांडून बसलो. आख्ख्या बॅचसमोर, पडद्याकडे पाठ, तोंड त्या बाईकडे. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. पहिला तास मला काहीच दिसलं नाही. बाई बिचारी घामाघूम. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. मग दिसू लागलं. साधी अक्षरं आली की तिची बोटं नीट चालत. जोडाक्षर आलं की डोळे पडद्याच्या खालच्या कडेला जात, तिथे काहीतरी शोधत, आणि बोटं हवेत थांबत. दर वेळी. क्ष आला, खाली. त्र आला, खाली. मी मान वळवून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

"तिथे काय होतं?" मी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. जुन्या सिस्टीममध्ये त्या बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटचं सरावाचं एक सॉफ्टवेअर होतं. खाली दोन हातांचं चित्र. जे अक्षर यायचं त्याचं बोट लाल व्हायचं. ती शाळा बंगालीत शिकली. मराठी अक्षरं मोठेपणी, इथे आल्यावर ओळखीची झाली. वाचून बोट शोधायला तिला वेळ लागतो. त्या हातांकडे बघून लागत नाही. "ते हात माझ्याबरोबर टाईप करायचे, दादा," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं कमी बघायची. आता फक्त जोडाक्षराला बघत होते. अजून थोडे दिवस, मग नसतं बघितलं."

माझ्याकडे त्या सॉफ्टवेअरची सीडी नव्हती. ज्याच्याकडून मशीनं घेतली त्याच्याकडेही नव्हती. मी दुसऱ्या दिवशीही अर्धा दिवस बसलो. आता दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून बसलो. दुपारी तिच्या समोरच चाचांना फोन लावला आणि सगळं सांगितलं: हात, लाल बोट, जोडाक्षर, किती वेळा खाली बघते तेही. या वेळी मी ओरडलो नाही.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "मशीन बंद करा. चालू करतानी वरच्या रांगेतलं एफ लिव्हलेलं आठ नंबरचं बटन दाबत राहा."

दाबत राहिलो. काळा पडदा आला. दोन ओळी. वरची जुनी.

बाईने तोंडावर पदर घेतला. मी फोनमध्ये म्हटलं, "चाचा, तुम्ही मला फसवलं."

"मी झालं म्हनलो. काढलं कवा म्हनलो?"

"आणि हा दीड दिवस?"

"तो तुमीच कमी केला होता, भाऊ. कोनाले तं भराच लागते." आणि मागे कुठल्यातरी कुकरची शिटी झाली आणि फोन बंद.

पुढचे दिवस ती दोन वेळा येऊ लागली. सासू मुलांना सांभाळी. मी एक गोष्ट केली, ती मात्र माझी स्वतःची. कॅलेंडरचा पुठ्ठा कापून पडद्याच्या खालच्या भागावर चिकटपट्टीने लावला. सुरुवातीला दिवसातून दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग आख्खी बॅच. ती पुठ्ठ्याकडे बघायची आणि मला मनातल्या मनात बंगालीत शिव्या द्यायची, हे मला हातांवरून कळायचं. एकदा म्हटलं, "मोठ्याने दे, वेग वाढेल." ती खरंच हसली. फळ्यावर वीस, तेवीस, सत्तावीस. परीक्षेच्या आदल्या शनिवारी एकतीस. तो आकडा मी लाल खडूने लिहिला.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी मोबाइल माझ्यापुढे धरून नुसती उभी राहिली. सासूने नारळाचे लाडू पाठवले होते, ते बॅचने मला एकही न ठेवता संपवले. आता ती रोज साडेनऊच्या बसने ऑफिसला जाते. माझ्या इन्स्टिट्यूटसमोरून जाताना हॉर्न वाजवायला ड्रायव्हरला सांगते.

मीही आता नव्या पोरांच्या समोर उलटी खुर्ची टाकून बसतो. दोन दिवस. लोकांना वाटतं, मालकाचं डोकं फिरलं.

निकाल लागल्यावर मी चंद्रपूरला चाचांच्या घरी गेलो होतो. भांडायलाच गेलो होतो. शेजाऱ्याने सांगितलं, मुलीकडे सिरोंच्याला गेले, आता तिथेच राहतात. फोन लावला की वाजत राहतो. म्हणून इथे लिहितो, कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवेल.

चाचा, सिस्टीम लपवली त्याचं मला फार नाही. दीड दिवस वसूल केला, तोही दिला. पण नऊ दिवस तुम्ही गप्प बसलात. नऊ दिवस त्या बाईची मुदत पाण्यासारखी जात होती, तिचं बटन तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही माझ्या फोनची वाट पाहत होतात. तुम्ही मला एकच दिवस पाहिलं होतं, आणि त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडलो होतो. मी फोन केलाच नसता तर? ती गेली, बरं झालं, दुसरी येईल, असं म्हणून मी सुपारी फोडत बसलो असतो तर? माझ्यासारख्या माणसाच्या भरवशावर तुम्ही दोन लेकरांच्या आईची नोकरी सोडली. काय पाहून सोडली? त्या एका दिवसात माझ्यात तुम्हाला असं काय दिसलं, जे मला स्वतःला आजवर दिसलं नव्हतं? मुलचेऱ्याला या आणि माझ्यासमोर बसून याचं उत्तर द्या.